शाईचा ठिपका

सोनारानेच कान टोचावेत, ही म्हण आपण उपदेशाच्या प्रसंगी इतकी वापरली आहे की, कान टोचताना सोनार नेमके काय करतो, हे पाहायला कुणी थांबत नाही. तो आधी सुई काढत नाही. आधी देतो शाईचा ठिपका. मग बाळाच्या समोर बसून दोन्ही पाळ्यांवरचे ठिपके एका पातळीत आहेत ना, हे न्याहाळतो. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला दाखवतो. एखादा पुसून पुन्हा देतो. टोचणे त्यानंतर क्षणाचे काम.

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात सर्किट बोर्डाच्या भोकांवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. कारण आहे आमची कन्या. ती बारावीत आहे आणि तिने आजीसाठी एक घड्याळ करायला घेतले: आकडे चांगले ठसठशीत, आणि गोळ्यांच्या तिन्ही वेळांना पेटणारा लाल दिवा. आजीला आता दिसते कमी. रक्तदाबाची गोळी चुकून दोनदा घेण्याचा प्रकार एकदा घडून गेला होता, तेव्हा हा काही नुसता सुटीतला खेळ नव्हता.

सर्किट बोर्ड म्हणजे तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली पाटी. हव्या त्या रेषा शाईने झाकायच्या, पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायची, उघडे तांबे विरघळून जाते आणि शाईखालचे वाचते. व्हिएन्नाच्या पॉल आइस्लर यांनी १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये असे छापील सर्किट घालून रेडिओ बनवला. गृहस्थाला छपाईची माहिती होती, हे वाचून आम्हा पुस्तकवाल्यांना उगाचच बरे वाटते!

पण रेषा उमटल्या म्हणजे झाले नाही. चिपचा प्रत्येक पाय पाटीतून आरपार जायला हवा. त्याला भोक ०.८ मिलिमीटरचे. आणि दोन पायांमधले अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा बरोबर दहावा भाग. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली खरी, पण या चिपच्या पायांत इंच अजून अडकून बसला आहे. कन्येने कंपासपेटीतली पट्टी घेऊन अडीच-अडीच मिलिमीटरवर खुणा केल्या. आठ पायांची चिप सुरळीत बसली, आणि घात इथेच झाला. एका बाजूला चार पाय, म्हणजे तीनच अंतरे. त्यांत चूक साठते ०.१२ मिलिमीटर, ती भोकाच्या ऐसपैसपणात खपून जाते. घड्याळाची मुख्य चिप मात्र चाळीस पायांची. एका ओळीत वीस पाय, एकोणीस अंतरे, आणि चूक ०.७६ मिलिमीटर, जवळजवळ एका भोकाएवढी! निम्मे पाय आत, उरलेले बाहेर. दाबून बसवायला गेली तर दोन पाय मुडपले.

"बाबा, ड्रिलच वाईट आहे," ती म्हणाली. ड्रिलचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या पाटीला तिने पट्टी हातात घेतलीच नाही. तपकीर गल्लीतून 'झिरो पीसीबी' आणली. ही सगळीकडे २.५४ च्या अंतराने भोके पाडलेली तयार पाटी. ती कोऱ्या तांब्यावर चिकटपट्टीने घट्ट बसवली आणि प्रत्येक भोकातून दाभणाने एकेक टोचा मारला. चाळीस टोचे. मग मार्करने त्यांच्याभोवती कडी काढली, मध्यबिंदू मुद्दाम उघडा ठेवून. द्रावणाने तेवढेच तांबे खाल्ले, आणि प्रत्येक कड्याच्या मधोमध एक इवलीशी खळगी राहिली. फिरते बिट गुळगुळीत तांब्यावर घसरते; खळगी मिळाली की आपण होऊन तिथे जाऊन बसते. हाच तो शाईचा ठिपका.

बिट मात्र कार्बाइडचे हवे. हिरवट पाटीत काचेचे तंतू असतात, त्यांवर साधे पोलादी बिट लवकर बोथट होते. कार्बाइड कठीण, पण ठिसूळ. हात जरासा तिरका झाला की कटकन मोडते. म्हणून ड्रिल स्टँडवर सरळ उभे बसवायचे, आणि भोवरा थकल्यावर डुलतो तसे बिट डुलत नाही ना, हे आधी रिकामे फिरवून पाहायचे. पाटीखाली लाकडाची फळी, म्हणजे खालची कड फुटत नाही. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क, यात आईवडिलांनी सवलत देऊ नये. तो भुगा काचेचा असतो. तो फुंकायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा.

शेजारच्या एका इंजिनियर गृहस्थांनी विचारले, "आता आराखडा पाठवला की भोकांसकट पाटी कुरियरने घरी येते, मग ही उठाठेव कशाला?" शंभर घड्याळे करायची असती, तर त्यांचेच ऐकले असते. पण पट्टीवरच्या अडीचमध्ये आणि खऱ्या २.५४ मध्ये काय अंतर आहे, हे कुरियरवाला सांगत नाही.

परवा संध्याकाळी शेवटचे भोक पडले. कन्येने पाटी ट्यूबलाइटसमोर धरली. उजेडाच्या ठिपक्यांच्या दोन सरळ ओळी. आजी स्वयंपाकघरातून फराळाचे हात पुशीत आली, पाटी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिली, आणि म्हणाली, "भोकं छान सारखी आहेत गं. पण ही चकती आपल्या सोऱ्याची नव्हे."