विश्लेषण : आडनाव मिळणे ही शिक्षा कशी? ‘माउंटबॅटन-विंडसर’ची गोष्ट

आडनाव मिळाले म्हणून कुणाची मानहानी झाली, असे सहसा ऐकिवात नसते. ब्रिटनच्या राजघराण्यात मात्र तसे घडले. राजे चार्ल्स यांचे धाकटे बंधू अँड्र्यू यांचे ‘प्रिन्स’पद आणि इतर किताब काढून घेण्याची प्रक्रिया सुरू झाल्याचे ३० ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झाले. यापुढे ते फक्त ‘अँड्र्यू माउंटबॅटन-विंडसर’. जेफ्री एपस्टीन या लैंगिक गुन्हेगाराशी असलेल्या संबंधांवरून अँड्र्यू यांच्यावर अनेक वर्षे टीका होत होती. त्यांनी आरोप नाकारले आहेत. पण ज्या आडनावावर त्यांना आणून ठेवले गेले, ते आले कुठून?

‘विंडसर’चा अर्थ काय?

विंडसर हे लंडनच्या पश्चिमेला, थेम्स नदीकाठी वसलेले गाव. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ साधारण ‘रहाट असलेला नदीकाठ’ असा होतो. विल्यम द काँकररने अकराव्या शतकात तिथे किल्ला बांधायला घेतला आणि गावाला राजाश्रय मिळाला. गावावरून आडनाव पडण्याची रीत इंग्लंडमध्येही जुनीच. आपल्याकडे नगरचा तो नगरकर, तसा तिकडे विंडसरचा तो विंडसर. हे आडनाव राजघराण्याने घेण्याच्या कित्येक शतके आधीपासून इतर लोक लावत होते.

मग राजघराण्याचे नाव काय होते?

राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट जर्मन होते. त्यांच्यामुळे १९०१ मध्ये सातवे एडवर्ड गादीवर आले तेव्हा घराणे ‘सॅक्स-कोबर्ग अँड गोथा’ झाले. पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत याचे कुणाला काही वाटले नाही. युद्धात मात्र ते नाव अंगावर आले. १३ जून १९१७ रोजी जर्मन विमानांनी लंडनवर भरदिवसा बॉम्ब टाकले. १६२ जण ठार झाले. त्यात पॉपलर भागातील एका शाळेतील १८ मुले होती. ही विमाने ‘गोथा’ या नावाने ओळखली जात, कारण ती गोथा शहरातील कारखान्यात तयार होत. राजाच्या घराण्याचे आणि शाळेवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे नाव एकच!

त्याच वर्षी मार्चमध्ये रशियाच्या झारला, म्हणजे राजे पाचवे जॉर्ज यांच्या मावसभावाला, सिंहासन सोडावे लागले होते. धोका ओळखून जॉर्ज यांनी १७ जुलै १९१७ रोजी घोषणा केली : यापुढे घराण्याचे आणि कुटुंबाचे नाव ‘विंडसर’. ते सुचवले राजाचे खासगी सचिव लॉर्ड स्टॅम्फर्डहॅम यांनी. म्हणजे हे आडनाव वंशपरंपरेने आलेले नाही, ते एका सचिवाने शोधून दिलेले आहे.

‘माउंटबॅटन’ कुठून आले?

तेही जर्मनच. मूळ नाव ‘बॅटनबर्ग’. ‘बर्ग’ म्हणजे डोंगर. त्याचे इंग्रजी ‘माउंट’ करून ते पुढे लावले आणि नाव झाले माउंटबॅटन. ब्रिटिश नौदलाचे प्रमुख असलेल्या प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग यांना जर्मन जन्मामुळे १९१४ मध्येच पद सोडावे लागले होते. १९१७ मध्ये त्यांनी नाव बदलले. त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तेही बॅटनबर्गच होते.

लॉर्ड माउंटबॅटन यांचे भाचे फिलिप यांनी १९४७ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेताना आजोळचे हे आडनाव स्वीकारले आणि त्याच वर्षी एलिझाबेथ यांच्याशी विवाह केला. मुलांना वडिलांचे नाव मिळणार का, हा वाद मग उभा राहिला. पंतप्रधान चर्चिल यांच्या मंत्रिमंडळाचा विरोध होता. १९५२ मध्ये राणीने ‘विंडसर’च कायम ठेवले. फिलिप यांची नाराजी लपून राहिली नाही. अखेर ८ फेब्रुवारी १९६० रोजी तोडगा निघाला : वंशजांपैकी ज्यांना राजपदव्या नसतील, ते ‘माउंटबॅटन-विंडसर’ लावतील. त्यानंतर अकराच दिवसांनी अँड्र्यू यांचा जन्म झाला. पदवी नसलेल्यांसाठी केलेली ही सोय पासष्ट वर्षांनी त्यांच्याच वाट्याला आली.

सामान्यांना हीच मुभा होती का?

नव्हती, आणि या गोष्टीतला खरा सल तोच आहे. ऑक्टोबर १९१४ पासून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना नाव बदलण्यास सरकारने मनाई केली. १९१९ च्या कायद्याने ती मनाई सर्वच परकीयांना लागू केली. हजारो जर्मन पुरुष छावण्यांत डांबले गेले. १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ जहाज बुडवले गेल्यावर जर्मन नावाच्या पाट्या असलेली दुकाने जमावाने फोडली. लंडनच्या एखाद्या जर्मन बेकरीवाल्याला जे नाव झाकायला बंदी होती, तशाच नावातून राजघराणे एका घोषणेने मोकळे झाले.

आता काय?

आताच्या निर्णयातही तोच उफराटा न्याय आहे. देशातले कोट्यवधी लोक जन्मभर नाव-आडनावानेच ओळखले जातात. तेच राजपुत्राच्या वाट्याला येणे ही राजवाड्याच्या लेखी सर्वात कठोर शिक्षा ठरते. नागरिक असणे म्हणजे खालच्या पायरीवर येणे, असा त्याचा अर्थ होतो. किताब काढणे योग्यच होते. पण ती घराण्याने घराण्यापुरती केलेली सफाई आहे, चौकशीला पर्याय नाही. १९१७ मध्ये नाव बदलून घराण्याने सिंहासन वाचवले. आज नाव देऊन ते स्वतःला एका माणसापासून वेगळे करू पाहत आहे. दोन्ही वेळा पाटी बदलली. पाटीमागचे प्रश्न मात्र पाटीबरोबर पुसले जात नाहीत.