किनाऱ्याला सरकायला जागा हवी



'समुद्रकिनाऱ्याचे संरक्षण' असा निबंध दिला की मुलं ठरलेलं लिहितात. लाटा जमीन खातात, म्हणून दगडी बंधारा बांधावा, झाडे लावावीत. आपणही बरोबरची खूण करून मोकळे होतो. पण किनारा म्हणजे शेताचा बांध नव्हे, तो मागेपुढे सरकतो, हे आपण शिकवतच नाही. मला हे खटकतं.

पुळणीचं बघा. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा वाळू ओढून नेतात. पाऊस सरला की शांत लाटा त्यातली बरीचशी परत आणून टाकतात. मागे वाळूच्या टेकड्या असतात, त्यांवर मर्यादवेल पसरलेली (नाव ठेवणारा हुशार होता!). ही किनाऱ्याची शिल्लक. मध्येच भिंत घातली की लाट तिच्यावर आपटते आणि पायथ्याची वाळू घेऊन मागे फिरते. भिंत जिथे संपते तिथे शेजारच्या वाडीची धूप वाढते. पुष्कळदा भिंत राहते नि पुळण जाते.

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाव तुम्हाला माहीत असेल. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. मादी रात्री पुळणीवर चढते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. तेवढ्यात भरतीचं पाणी घरट्यात शिरलं तर सगळं गेलं. म्हणून अंडी उचलून वरच्या बाजूला, कुंपणातल्या वाळूत तसाच खड्डा करून ठेवतात. पाणी पुढे आलं तर आपण मागे सरायचं, एवढी साधी युक्ती! पण मागे वाळूच नसेल, काँक्रीट असेल तर? कासवीण काय दगडावर अंडी घालणार आहे?

झाडांचंही तसंच. सुरू वारा अडवतो, खरंय. पण ते झाड बाहेरून आणलेलं, आणि पुळणीच्या अगदी कडेला दाट लावलं तर कासवांचीच जागा अडते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगरकडे सुरूची झाडं आडवी झालेली आपण पाहिली. खाडीच्या चिखलात कांदळवन, वाळूवर मर्यादवेल. 'झाडे लावा' एवढं पुरत नाही, कुठे कुठलं हेही मुलांना सांगा.

"मॅडम, ज्यांच्या ओट्याला पाणी लागलंय त्यांनी काय करायचं?" असं पालक विचारतील. अशा वस्तीपुढे बंधारा लागेलच, त्यांना मी उपदेश करणार नाही. पण कासवांच्या पुळणी, वाळूच्या टेकड्या, कांदळवनं सीआरझेडच्या नियमांत आधीच सर्वात जपायच्या गटात आहेत. निदान तिथे तरी भिंतीची मागणी करू नये. ग्रामसभेत हा विषय येतो तेव्हा पालकांनो, तुम्हीच तिथे बसलेले असता.

किनाऱ्यावरच्या शाळांनी एक करून बघावं. एखादं ठरावीक माडाचं झाड धरा. तिथून भरतीच्या रेषेपर्यंतचं अंतर ओहोटीच्या वेळी, मोठ्यांच्या सोबतीने, दोरीने मोजा. एकदा दिवाळीनंतर, एकदा मार्चमध्ये. दोन्ही आकडे परिसर अभ्यासाच्या वहीत लिहायचे, आणि निबंध त्यानंतर द्यायचा.