पाबळचे कलबाग सर



यंदाच्या पावसाळ्यात आमच्या वर्गातला फळ्याचा स्टँड डुगडुगायला लागला. खडू टेकवला की फळा एका अंगाला कलायचा. चार दिवस मी त्याच्या पायाखाली कागदाच्या घड्या घालून पाहिल्या. पाचव्या दिवशी शेवटच्या रांगेतला एक मुलगा उठला, बाहेरून बांबूची काठी घेऊन आला आणि स्टँडच्या दोन पायांना ती तिरपी बांधून मोकळा झाला. फळा पक्का!

आता गंमत ऐका. त्याच आठवड्यात त्रिकोणावरच्या चाचणीत मी या मुलाला वीसपैकी दोन गुण दिले होते. घरी माडिया बोलणारा हा मुलगा मराठीतला प्रश्न वाचतानाच अडखळतो. एटापल्लीच्या बाजारात त्याचे वडील भेटले. म्हणाले, "गुरुजी, पोरगा शिकंल का? नाहीतर कामाला लावतो." मला चटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र पाबळचे कलबाग सर आठवले. मी त्यांना कधी भेटलो नाही. डी.एड.ला असताना त्यांच्याविषयी वाचलं, तेवढीच ओळख.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांचा जन्म १९२८ चा. अन्नतंत्रज्ञान हा त्यांचा विषय. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून ते परत आले. आधी म्हैसूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधन केंद्रात त्यांनी काम केलं. मोठा हुद्दा होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस अशा वेळी काय करतो? निवृत्तीचे दिवस मोजतो. कलबाग सरांनी मात्र नोकरी सोडली आणि १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी 'विज्ञान आश्रम' सुरू केला. पत्नी मीराताईही त्यांच्याबरोबर तिथं राहायला आल्या. मुंबईचा संसार उचलून दुष्काळी गावात नेणं सोपं नसतं. घरच्यांची साथ नसती तर हे जमलंच नसतं, असं मला वाटतं. (पाबळ हे नाव इतिहासाच्या पुस्तकातही भेटतं बरं का. मस्तानीची समाधी तिथंच आहे.)

आश्रम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं झाडाखाली बसलेले ऋषी येतील. इथं वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या! कोणी करवत चालवतोय, कोणी वीजजोडणी करतोय, कोणी कोंबड्यांना दाणा घालून खर्चाचा हिशेब मांडतोय. काम करता करता शिकायचं, हा विचार आपल्याकडं जुनाच. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती, तिथं गांधीजींनी 'नई तालीम' मांडली. त्यांच्या हातात टकळी होती. कलबाग सरांनी मुलांच्या हातात वेल्डिंग मशीनही दिलं.

आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करत. शिकवायला गावातलेच कसबी लोक. मुलं गावाला लागणाऱ्याच वस्तू बनवायची, त्यामुळं काम कच्चं राहून चालत नसे. पुढं राज्याच्या परीक्षा मंडळानंही हा विषय मान्य केला. शिवाय शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम होता. जुन्या जीपचे भाग वापरून आश्रमानं 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टरही तयार केला.

मला सगळ्यांत आवडतो तो पाणी शोधण्याचा प्रकार. जमिनीत एका ओळीत चार लोखंडी सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळ्यांमध्ये विद्युतदाब किती पडतो ते मोजायचं. ओल्या थरातून वीज सहज जाते, कोरड्या खडकातून कष्टानं जाते. सळ्यांमधलं अंतर वाढवत नेलं की आणखी खोलचा अंदाज येतो. भौतिकशास्त्रातला 'रोध' पाठ करताना झोप येते ना? पण शेतकरी बाजूला उभा राहून "पोरांनो, विहीर कुठं खणू?" असं विचारत असेल, तर कोण झोपेल?

आणि ते घुमट! त्रिकोणाला त्रिकोण जोडत उभी केलेली गोल घरं. मध्ये खांब नाही. तुम्ही घरी करून बघा. बांबूच्या चार कामट्या टोकांना सुतळीनं बांधून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला दाबा. तो लगेच तिरका होईल. आता तीन कामट्यांचा त्रिकोण करून दाबा. तो आकार सोडत नाही, कारण तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण एकच बनतो. आमच्या फळ्याला बांधलेल्या तिरप्या काठीनं हेच केलं होतं.

२००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेच्या मदतीनं पाबळला 'फॅब लॅब' सुरू झाली. संगणकावर चित्र काढायचं आणि यंत्रानं ते कापून वस्तू बनवायची, अशी ही कार्यशाळा. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये कलबाग सर गेले. विज्ञान आश्रमाचं काम थांबलं नाही.

आता पालकांशी दोन शब्द. आपल्या तालुक्यात सूरजागडच्या डोंगरातून लोखंडाचा दगड भरून ट्रक धावतात. मुलं रस्त्याकडेला उभी राहून ते बघतात. दगड भरणारा मजूर व्हायचं की बिघडलेलं यंत्र दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, यातलं अंतर शाळेतच कापावं लागतं. यंत्राचं पुस्तक वाचता आलं पाहिजे, मापं-अपूर्णांक आले पाहिजेत. 'हाताचं काम' म्हणजे 'ढ' मुलांची सोय, असं कलबाग सरांनी कधी मानलं नाही. मी मात्र इतकी वर्षं मनातून तसंच मानत होतो, हे कबूल करतो.

पुढच्या बाजाराला त्या मुलाचे वडील पुन्हा भेटले. मी म्हटलं, "दादा, कामाला लावू नका. काम मीच देतो, शाळेत." ते हसले, पण पुरता विश्वास बसलेला दिसला नाही. सोमवारी मी मुलाला विचारलं, "काठी तिरपीच का बांधलीस रे?" त्यानं आधी माडियात सांगितलं, मग थांबत थांबत मराठीत. तीन टोकं, तीन काठ्या, हलत नाही. मी ते त्याच्याकडूनच फळ्यावर लिहून घेतलं.

तुमच्यासाठी एक कोडं. पाच कामट्यांचा पंचकोन हलू नये म्हणून कमीत कमी किती कामट्या आणखी बांधाव्या लागतील? आधी बांधून बघा, मगच उत्तर पाठवा.

तुमचे,
गुरुजी