निष्ठा कोणाशी?

‘चर्चची बदनामी करू नका’ हे वाक्य आपल्या धर्मग्रामांत वरचेवर कानी पडते. कोणी हिशेब मागितला, कोणी सणाच्या रोषणाईवरील खर्चाविषयी शंका काढली, कोणी धर्मगुरूंच्या एखाद्या निर्णयास विरोध दर्शविला, की हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकले जाते आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. ह्या वाक्यात येशू ख्रिस्ताचे नाव कोठेच नाही, हे आमच्या वाचकांच्या ध्यानात आले आहे काय?

आम्ही ख्रिस्तसभेचे वैरी नाही. तिच्याच कुशीत आमचा बाप्तिस्मा झाला आणि तिच्याच दफनभूमीत आम्हांला विसावायचे आहे. परंतु निष्ठेला क्रम असतो. पहिली निष्ठा ख्रिस्ताशी व त्याच्या शुभवर्तमानाशी; संस्थेवरची निष्ठा तिच्यातूनच उगवते, आणि तिच्यापासून तुटली की तो निव्वळ पक्षाभिमान उरतो. हे मत बंडखोरांचे आहे असे कोणी समजू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्याच्या दहाव्या परिच्छेदात सभेचा शिकविण्याचा अधिकार देवशब्दाहून श्रेष्ठ नसून त्याच्या सेवेसाठी आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. सर्व श्रद्धावंतांनी पवित्र शास्त्राचे वारंवार वाचन करावे, असा आग्रहही त्याच दस्तऐवजात आहे. आपल्याकडे लग्नात भेट मिळालेले बायबल दिवाणखान्यातील शोकेसमध्ये विराजमान असते. बाकांवर कोरलेली देणगीदारांची नावे मात्र आपण न चुकता वाचतो.

हा क्रम उलटा झाला म्हणजे काय घडते, हे जगाने २००२ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे पाहिले. मुलांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूंविरुद्धच्या तक्रारी तेथील महाधर्मप्रांताने वर्षानुवर्षे दडपल्या आणि त्यांतील कित्येकांना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात धाडले, हे वृत्तपत्राने उघडकीस आणले. त्या वर्षाच्या डिसेंबरात तेथील महागुरू कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. दडपणारे सगळेच दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. आपण सभेचे नाव राखतो आहोत, असे त्यांतील पुष्कळांना मनापासून वाटत असावे, आणि आमच्या मते भयंकर आहे ते हेच. मत्तयच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात प्रभू एका बालकाला मध्यभागी उभे करतो आणि अशा लहानग्यांना अडखळविणाऱ्यासाठी जात्याच्या तळीचा दाखला देतो. हा उतारा वेदीवरून वाचणाऱ्यांनीच तो कपाटात बंद केला आणि किल्ली संस्थेच्या हाती दिली. असे प्रकार व त्यांची लपवाछपवी वरिष्ठांना कळविणे धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर बंधनकारक करणारा नियम पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सर्व सभेसाठी केला. मध्ये सतरा वर्षे गेली.

आता जवळचे उदाहरण. पंडिता रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, म्हणून आपल्या व्यासपीठांवर त्यांचे नाव क्वचितच निघते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनींनी त्यांना आश्रय दिला होता. तरीही जे शास्त्रात आपल्याला दिसत नाही, ते केवळ अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मानण्यास त्यांनी नकार दिला. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच झुगारून आलेली आपली मान दुसऱ्याच्या जुवाखाली देणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी सिस्टर जेरल्डिन यांना लिहिले. गळ्यातील क्रूसावर न समजणारी लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा सवाल होता. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. जिज्ञासूंनी तो मुळातून वाचावा. पुढे ह्याच बाईने हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केडगावच्या मुक्तिसदनात साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले, १९२२ साली मृत्यू येईपर्यंत. संस्थेशी भांडणाऱ्याची श्रद्धा पातळ असते, असे म्हणणाऱ्यांनी ह्या कामाचे वजन करून पाहावे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. कोणते ग्रंथ पवित्र हे सभेनेच ठरविले, मग बायबल तुम्हांला दिले कोणी? आक्षेप खरा आहे आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण पत्र घरपोच आणणाऱ्या पोस्टमनचे आभार मानून पत्र न उघडताच फळीवर ठेवणे, याला कोणी कृतज्ञता म्हणत नाही.

दुसरा आक्षेप फुटीचा. चर्चला कंटाळून भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या प्रार्थनासभांकडे गेलेली कुटुंबे आम्हांलाही दिसतात. तेथे जर प्रवचनकाराचा शब्दच अखेरचा ठरत असेल आणि देणगीचा हिशेब मागण्याची सोय नसेल, तर त्यांनी केवळ छप्पर बदलले आहे. आम्ही कोणाला बाहेर पडावयास सांगत नाही. उलट आतच राहावे आणि हातात शुभवर्तमान घेऊन प्रश्न विचारावेत. तो अधिकार आपल्याला बाप्तिस्म्याने दिला आहे, कमिटीने नव्हे.

येत्या उपवासकाळापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपला वर्षाचा जमाखर्च प्रापंचिकांपुढे मोठ्याने वाचावा आणि त्याच सभेत, जमाखर्चाच्या आधी, लूकच्या शुभवर्तमानातील कारभाऱ्याचा दाखला वाचावा, एवढीच आमची मागणी आहे. ह्यात चर्चची बदनामी कोठे होते, ते कोणी आम्हांला दाखवून द्यावे.