शाळेची अब्रू आणि मुलाचा शब्द

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर रेल्वे स्थानकात हजारो माणसे रुळांवर उतरली आणि नऊ-दहा तास कर्जतकडची रेल्वे वाहतूक ठप्प झाली. एका नामवंत शाळेच्या शिशुवर्गातील दोन चिमुरड्यांवर त्याच शाळेच्या सफाई कर्मचाऱ्याने केलेल्या अत्याचाराने ते शहर पेटून उठले होते. सरकारने तातडीने विशेष तपास पथक नेमले, उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत स्वतःहून सुनावणी सुरू केली. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतानाच गोळीबारात ठार झाला. काहींनी पेढे वाटले. न्याय झाला, असे म्हणत मंडळी आपापल्या कामाला लागली. वस्तुतः जो खटला उभा राहायला हवा होता तो उभा राहिलाच नाही, आणि त्या खटल्यात ज्या प्रश्नांची उत्तरे भर न्यायालयात द्यावी लागली असती ते प्रश्नही मागे पडले.

हे प्रश्न त्या नराधमाविषयीचे नाहीत. ते आहेत त्या काळातील शहाण्यासुरत्या, प्रतिष्ठित माणसांच्या वागण्याविषयीचे. अत्याचार घडला १२ आणि १३ ऑगस्टला. गुन्हा नोंदला गेला तो १६ ऑगस्टच्या रात्री, तोही पालकांनी पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठत काढल्यानंतर. चार वर्षांच्या मुलीने आपल्या बोबड्या शब्दांत घरी सांगितले, घरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला, वैद्यकीय तपासणी करून घेतली. म्हणजे जे सर्वांत दुबळे होते त्यांनी आपले कर्तव्य चोख बजावले. ज्यांच्या हाती अधिकार होता, कायद्याचे पुस्तक होते आणि दूरध्वनीही होता, ते मात्र गप्प राहिले. शाळेला प्रकार कळूनही तिने पोलिसांना कळविले नाही, याबद्दल उच्च न्यायालयाने कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली आणि पुढे संस्थाचालकांवरही याच कारणासाठी गुन्हा दाखल झाला.

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे ‘पॉक्सो’ म्हणून ओळखतात, २०१२ साली झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात संदिग्ध असे काहीच नाही. असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंबहुना तो घडण्याची नुसती शंका ज्याला आली आहे, अशा प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे. आधी संस्थेची अंतर्गत चौकशी करावी, मग विश्वस्तांची बैठक घ्यावी, मग ठराव करावा, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर कारवाई होऊ शकत नाही, हेही तेथे स्पष्ट केले आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि तोही गणवेश न घालता घ्यावा, असे हाच कायदा पोलिसांना बजावतो. कायद्याने पोलिसांना मुलाच्या दारी पाठविले आहे. बदलापुरात मात्र पालकच पोलिसांच्या दारी ताटकळत होते.

हा एकट्या बदलापूरचा अपवाद असता तर त्यावर इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे २०१९ मध्ये एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. तपासात अशा १७ अल्पवयीन मुलींची नावे पुढे आली. या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला त्यांच्या बोलण्यातून प्रकार कळला होता, पण त्याने पोलिसांना कळविले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यापुरता गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. माहीत असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रकार असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. घरापासून दूर, वसतिगृहात राहणाऱ्या त्या मुलींना विश्वासाने बोलता येईल अशी जागा म्हणजे तो दवाखाना होता. तेथे उच्चारलेले शब्द बाहेर पोहोचले नसतील तर त्या मुलींनी जायचे तरी कोठे?

मौन पाळणारी ही माणसे दुष्ट असतात असे नाही. त्यांतील पुष्कळजण प्रामाणिक, सेवाभावी, एखाद्या संस्थेसाठी आयुष्य वेचलेले असतात. आणि नेमके तेथेच पाणी मुरते. पन्नास-साठ वर्षे घाम गाळून, दारोदार देणग्या मागून, पत्र्याच्या शेडपासून तीन मजली इमारतीपर्यंत आणलेली शाळा असते. तिच्या नावाला बट्टा लागेल, पुढच्या वर्षी प्रवेश घटतील, अनुदानाचा प्रस्ताव अडेल, विरोधक तोंडसुख घेतील, ही भीती मन व्यापून टाकते. मग ‘प्रकरण घरातच मिटवू’, ‘मुलीच्याही भवितव्याचा विचार करा’, ‘लोक काय म्हणतील?’ अशी समजूत घालणे सुरू होते. ऐकणाऱ्यालाही ते आपुलकीचे वाटते. संस्था कोणत्या विचाराची, तिचे विश्वस्त कोणत्या गोटातले, हा प्रश्न येथे पूर्णतः गौण आहे. मिशनऱ्यांची शाळा असो, साखरसम्राटाची असो, नगरपालिकेची असो की राष्ट्रकार्याचे व्रत घेतलेल्या मंडळींची असो, अब्रूची ही कल्पना सर्वत्र सारखीच आढळते. दुसऱ्याच्या संस्थेत असा प्रकार घडला की आपण मोर्चा काढतो आणि आपल्या संस्थेत घडला की समिती नेमतो. हे साप्ताहिक ज्यांच्या घरी जाते त्यांत शाळा चालविणारे, शाळा समितीवर बसणारे, मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालेले असे असंख्य वाचक आहेत. त्यांना हे कटू वाटेल, पण ऐकावे लागेल.

वर्गावर जाणाऱ्या शिक्षकाची स्थिती आणखी अवघड असते. मुले प्रथम ज्यांच्याशी बोलतात ती ही मंडळी. परंतु मानधनावर काम करणाऱ्या शिक्षणसेवकाचा कायम होण्याचा कागद संस्थेच्याच टेबलावरून पुढे जायचा असतो. मुख्याध्यापकांना न विचारता त्याने थेट पोलीस ठाण्यात फोन करावा, ही अपेक्षा कायद्यानुसार रास्त आहे, व्यवहारात मात्र ती फार मोठी आहे. ज्या शाळेत वरिष्ठच ‘कळवा, मी तुमच्या पाठीशी आहे’ असे लेखी देतात तेथेच ती पूर्ण होऊ शकते.

हे झाले लैंगिक गुन्ह्यांचे. पण शाळेत मुलाचे मन मोडणाऱ्या ज्या शेकडो गोष्टी रोज घडतात, त्यांची तर गणतीच नाही. आडनाव ऐकून केलेली कुजबुज, रंगावरून, जाडीवरून, अडखळत्या बोलण्यावरून पाडलेली टोपणनावे, शुल्क थकले म्हणून वर्गासमोर उभे करणे, पाड्यावरून आलेल्या मुलाच्या बोलीची टर उडविणे, मोठ्या मुलांनी लहानांचे डबे हिसकावणे, हे सारे ‘पोरांचेच खेळ’ म्हणून हसण्यावारी नेले जाते. केंद्र सरकारने २००७ मध्ये १३ राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला होता. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले. लैंगिक छळ सोसलेल्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक निघाले, जे आपल्याकडे आजही कोणी मोठ्याने बोलत नाही. यांतील बहुतेक मुलांनी ही गोष्ट पूर्वी कोणालाही सांगितलेली नव्हती.

सातारच्या शाळेत भीमराव नावाचा एक लहानगा गोणपाटाच्या तुकड्यावर कोपऱ्यात बसत असे. ते गोणपाट शाळेच्या झाडूवाल्यालाही शिवायचे नव्हते, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पुढे आपल्या आठवणींत लिहिले. ज्या दिवशी त्यांनी शाळेत प्रवेश घेतला तो ७ नोव्हेंबर महाराष्ट्रात आता ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो, भाषणे होतात, प्रतिमापूजन होते. त्या मुलाने त्या काळी तक्रार करायची ठरविली असती, तर ती ऐकणारी एकही खुर्ची त्या इमारतीत नव्हती. समरसतेचा उद्‌घोष करणाऱ्या समाजाने या दिवशी आपल्या शाळेत एवढेच तपासून पाहावे, की आज तशी खुर्ची आहे काय?

कागदावर ती आहे. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा. तो महाविद्यालयांसाठीच आहे असा सार्वत्रिक गैरसमज आहे, पण शिक्षण देणारी कोणतीही संस्था आणि तिचे वसतिगृह त्याच्या व्याख्येत बसते. लेखी तक्रार आल्यावर प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आणि न केल्यास तोच गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरतो. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी केली. स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीचा तीन महिन्यांत निर्णय द्यावा आणि त्यावर बाल हक्क आयोगाकडे अपील करता यावे, अशी सोय ठेवली. मात्र हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. बदलापूरच्या त्या दोघी चार वर्षांच्या होत्या. राज्यात मार्च २०२२ पासून ‘सखी सावित्री’ समित्यांचा आदेश आहे, तक्रारपेटीचा त्याहून जुना. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची पुन्हा आठवण करून देण्यात आली आणि जोडीला कॅमेरे बसविण्याची मुदत घालून दिली गेली.

या पेट्या कोठे टांगलेल्या असतात, हे एकदा कोणत्याही शाळेत जाऊन पाहावे. मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, शिपायाच्या स्टुलाशेजारी, आणि आता बहुधा कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. किल्ली मुख्याध्यापकांच्याच खणात. चिठ्ठी टाकणारा पोरगा कोण, हे मधल्या सुट्टीपूर्वीच सगळ्या शाळेला कळावे अशीच ही रचना आहे. शिवाय पहिलीतल्या मुलाला लिहिता येत नाही, हे पेटीचा आदेश काढणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

खोट्या तक्रारींचे काय, असे संस्थाचालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. एखाद्या निरपराध शिक्षकाचे आयुष्य बदनामीने उद्ध्वस्त होऊ शकते, याची जाणीव ठेवलीच पाहिजे. परंतु खरे-खोटे ठरविण्याचे काम तपास यंत्रणेचे व न्यायालयाचे आहे, विश्वस्त मंडळाचे नव्हे. संस्थेने स्वतःच न्यायाधीश होऊन तक्रार खोटी ठरविली, तर निरपराध शिक्षकाच्या निर्दोषत्वावर तरी कोण विश्वास ठेवणार? तक्रार त्याच दिवशी दाराबाहेर गेली, तर त्याचेही नाव सन्मानाने धुऊन निघण्याची शक्यता उरते.

त्यासाठी नवा कायदा नको. पेटीची किल्ली पालक प्रतिनिधीकडे द्यावी, १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मुलांच्या उंचीला प्रत्येक वर्गात रंगवावा, शिशुवर्गासाठी मुलांशी बोलणारी एक विश्वासाची बाई नेमावी. आणि संस्थेचा वार्षिक अहवाल छापताना शालान्त निकाल, शिष्यवृत्त्या, स्नेहसंमेलन व देणगीदारांची यादी यांच्याबरोबर आणखी एक रकाना घालावा. वर्षभरात मुलांच्या किती तक्रारी आल्या, त्यांतील किती बाहेर कळविल्या, त्याला किती दिवस लागले? अडीच हजार मुलांच्या शाळेने त्या रकान्यात शून्य लिहिले, तर सर्वसाधारण सभेत उठून त्या शून्याचा जाब विचारणारा एक तरी सभासद असला पाहिजे.