हमीपत्र

छपराची आठवण पुणेकराला मृग लागल्याखेरीज होत नाही. उन्हाळाभर ते डोक्यावर असते, म्हणजे नसल्यासारखेच असते. पहिली सर आली, की घरातला जो तो वर बघू लागतो.

वाड्यात राहत होतो तेव्हा हे खाते आईकडे होते. वैशाखात शाकारणीवाला यायचा, फुटकी कौले काढून नवी बसवायचा आणि पैसे घेऊन जायचा. हमी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही. मात्र कौल उलटून पाहिले, की करणाऱ्याचे नाव दिसे. मंगळूरला १८६५ साली बाझेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. त्यांच्या कौलांवर कारखान्याचे नाव आणि ते साल उठवलेले असे. ओल्या मातीत उमटवून भट्टीत भाजलेले नाव. मागाहून ते नाकारायची सोय नव्हती!

पुढे आम्ही सोसायटीत वरच्या मजल्यावर राहायला आलो. गच्ची गळू लागली, तेव्हा एका कंत्राटदाराकडून वॉटरप्रूफिंगचा लेप देऊन घेतला. काम संपल्यावर त्याने आपल्या लेटरहेडवर लिहून दिले, ‘दहा वर्षे कंपनीची हमी.’ त्या वर्षी मी सोसायटीचा खजिनदार होतो. कागद फायलीला लावला आणि शेवटचा हप्ता चुकता केला.

सहाव्या पावसाळ्यात आईच्या खाटेवर थेंब पडू लागले. खाट भिंतीकडे सरकवली, थेंबाखाली पातेले ठेवले आणि फाईल काढली. कंत्राटदाराचा फोन बंद होता. तेव्हा बिलाची प्रत जोडून लेप बनवणाऱ्या कंपनीलाच पत्र धाडले. उत्तर मोठे नम्र होते. या पत्त्यावर हमी दिल्याची आमच्याकडे नोंद नाही. मान्यताप्राप्त कारागिराने काम आमच्याकडे नोंदवले तरच हमी निघते. तीही मालापुरती, मजुरीची नव्हे. आणि लेपाला भोके पाडल्यास तीही नाही. आमच्या गच्चीवर डिश अँटेनाचे तीन खांब बोल्ट ठोकून दिमाखात उभे होते!

वर्गात मी षष्ठी शिकवतो. ‘कंपनीची हमी’ म्हणजे कंपनीने दिलेली, की कंपनीच्या मालाबद्दल भलत्यानेच दिलेली? मुलांना असले प्रश्न घालणारा मी स्वतःच्या गच्चीवर नापास झालो, आणि दंड मात्र सगळ्या बिऱ्हाडांना पडला.

कायद्याचा आधार शोधला. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दिसलेला बांधकामाचा दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. आमची इमारत त्याहून पुष्कळ जुनी. ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येते. पण कंत्राटदार सापडायला तर हवा!

दुसऱ्या खेपेस आधी कंपनीला पत्र, मग काम. हा कारागीर आपला मान्यताप्राप्त आहे काय? हमी कोणाच्या नावे निघेल? माल आणि मजुरी दोन्ही तीत येतात काय? ती कशाने रद्द होते? गळल्यास किती दिवसांत, कोणाला कळवायचे? उत्तरे लेखी घेतली. अँटेनाचे खांब उतरवले. डब्यांवरचे बॅच क्रमांक टिपून ठेवले. काम झाल्यावर गच्चीवर दोन दिवस पाणी कोंडून खालून छत चाचपले. सोसायटीच्या नावाचे हमीपत्र कंपनीकडून येईतो शेवटचा हप्ता राखून ठेवला. नवा कंत्राटदार कुरकुरला, पण पंधरवड्यात कागद आला.

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत आपल्याही हाती अशी एखादी फाईल येईल. तिच्यावरची धूळ झटकाल, तेव्हा आतली सही कोणाची आहे तेही पाहून घ्या.

आमचा कागद मी आईला वाचून दाखवला. सगळे ऐकून ती म्हणाली, “ते सारे खरे रे, पण गळले तर येणार कोण? त्याचे नाव आहे का त्यात?”

नाव होते. ते ऐकल्यावर तिने खाट पुन्हा जागेवर सरकवायला सांगितली.