काठ तोडला की माळही ओस पडतो

पेरू देशाच्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि तेथील उजाड वाळवंटात सरड्यासारख्या प्राण्याचा निर्वाह व्हावा असे वरवर पाहणाऱ्यास मुळीच वाटणार नाही. परंतु लगतच्या समुद्रात शीत प्रवाहामुळे जीवसृष्टीची विलक्षण समृद्धी असल्याने, लाटा जे शेवाळ किनाऱ्यावर टाकून जातात त्यात वाढणारे बारीक कवचधारी जीव टिपण्यासाठी हे सरडे थेट पाण्याच्या रेषेपर्यंत उतरतात. गॅलापागोस बेटांवरील सागरी इग्वाना तर समुद्रात बुडी मारून शेवाळ चरतो, अन्नाबरोबर आलेले जादा क्षार नाकातील ग्रंथींवाटे फवारून टाकतो, आणि अंडी मात्र जमिनीवरील मोकळ्या मातीत पुरतो. अन्न एका सृष्टीत आणि संतती दुसऱ्या सृष्टीत, अशी ही व्यवस्था आहे.

शिरूर आणि दौंड हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले. तरीही भीमा, घोड आणि मुळा-मुठा यांच्या काठी हाच संबंध लहान प्रमाणावर नांदतो, असे माझे मत आहे. नदीच्या पाण्यात वाढून पंख फुटताच हवेत येणारे कीटक काठावरील सरड्यांचे मोठे अन्न असतात. कॅलिफोर्नियातील ईल नदीच्या तीरी असे कीटक काठावर येऊ नयेत म्हणून मुद्दाम अडसर उभारला, तेव्हा तेथील सरड्यांची वाढ मंदावल्याचे संशोधकांना आढळले. आपल्याकडे उन्हाळ्यात माळावरची कुसळी वाळून किड्यांची चणचण पडते, तेव्हा ओलसर काठाचे मोल किती वाढत असेल याचा अंदाज करणे कठीण नाही.

घोरपडीचेच पाहा. खेकडे, गोगलगायी, भुंगे, पक्ष्यांची अंडी, मेलेली जनावरे असे तिचे भक्ष्य. ती उत्तम पोहते, आणि अंडी घालण्यासाठी मात्र तिला कोरड्या जमिनीतले बीळ किंवा वारूळ लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत स्थान देऊन सर्वोच्च संरक्षण दिले, तरी मांसासाठी आणि चर्बीच्या तेलासाठी तिची हत्या थांबलेली नाही. नराचे वाळवलेले अवयव ‘हत्थाजोडी’ नावाची दुर्मीळ मुळी म्हणून भाविकांच्या गळ्यात मारले जातात, हे तर सांगतानाही संताप येतो. दख्खनच्या पठारावर गळ्याखालची रंगीत झालर उघडून मादीला आकर्षित करणारे जे चिमुकले सरडे आहेत, त्यांपैकी काहींसाठी 2016 साली शास्त्रज्ञांनी ‘सराडा’ ही नवी प्रजाती स्थापन केली. त्यांच्या नरांना पावसाळ्यापूर्वी मिरवण्यासाठी उघडी जमीन आणि चढून बसण्यास धोंडे हवे असतात.

आता दप्तर उघडून पाहावे. नदीपात्र महसूल खात्याच्या अखत्यारीत, त्यातील वाळूचा लिलाव निराळा; 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यात शिरतो, तेथील गाळपेर जमीन पाटबंधारे खात्याकडे; वरचे गायरान सरकारचे, त्यावर गावाची चराई; त्यापलीकडे वनखात्याची हद्द. प्रत्येक तुकड्याला धनी आहे, पण ओल्या काठापासून मुरमाड माळापर्यंत जो सलग उतार घोरपड एका दिवसात पार करते, त्या उताराची जबाबदारी कोणत्याही कचेरीत नोंदलेली नाही. ऊस अगदी कडेपर्यंत आला, वाळूबरोबर दरडी खचल्या, गायरान पडीक म्हणून सपाट झाले किंवा वृक्षारोपणाच्या उत्साहात खड्ड्यांनी आणि रोपांनी भरून गेले. यांतील एकेक कृत्य कोणाला ना कोणाला समर्थनीय वाटते, आणि शेतकऱ्याने उसाचा हव्यास सोडावा असे शहरात बसून सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु गवताळ माळ हा झाडांवाचून अपुरा राहिलेला प्रदेश आहे ही समजूत निखालस चुकीची असून, ती सरकारी योजनांतून तरी काढून टाकलीच पाहिजे.

2002 च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. तीत ‘घोरपड आढळते’ एवढा शेरा मारून भागणार नाही. ती कोणत्या ओढ्याने पाण्यावर उतरते, कोणत्या बांधावरची वारुळे वापरते, हे मेंढपाळांना आणि भोई मंडळींना विचारून गट क्रमांकासह लिहावे, आणि वाळूच्या लिलावास किंवा गायरानाच्या वाटपास मंजुरी देण्यापूर्वी तहसीलदारांनी ती नोंद मागवून पाहावी, अशी माझी दोन्ही तालुक्यांच्या पंचायतींना आणि जिल्हाधिकाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे.